हळदीचं बोट

सुविद्या वाचन मंदिरात ते यंत्र आलं, तेव्हा ते बघून सगळ्यांचा थोडा हिरमोडच झाला. बंद पुस्तक न उघडता वाचणारं यंत्र पुण्याच्या संशोधन संस्थेकडून सांगलीत येणार, म्हणून आठवडाभर गावात चर्चा होती. प्रत्यक्षात खोक्यातून निघालं ते सँडविच भाजायच्या यंत्राचं थोरलं भावंड. खाली जाड पांढरी पाटी, वर तशीच दुसरी. मधल्या फटीत पुस्तक ठेवायचं आणि बाजूच्या पडद्याकडे बघत बसायचं. "एवढंच?" असं कार्यवाह आरवाडे सरांच्या तोंडून निघून गेलं आणि ते भरून काढायला त्यांनी स्वतः पुढे होऊन यंत्राला हार घातला.

यंत्राबरोबर नाझनीन मुजावर नावाची अभियंता मुलगी आली होती. नोकरी पुण्यात, पण मूळची मिरजेची, त्यामुळे पहिल्या चहालाच ती घरची होऊन गेली. तिच्या मदतीला सरांनी सहायक ग्रंथपाल शैला तोडकर हिला दिलं. शैला त्रेपन्न वर्षांची, त्यातली एकतीस वर्षं याच इमारतीत काढलेली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे तिनं डोळे मिटून सांगितलं असतं. त्या पुस्तकात काय आहे, हे मात्र क्वचितच. हलवाई पेढे खात नाही, तसं तिचं झालं होतं. त्यातून विज्ञानकथा हा प्रकार तर तिच्या डोक्यातच जायचा. "जे झालं नाही आणि व्हायचंही नाही, ते वाचून काय करायचं?" असं ती उन्हाळी वाचनाला येणाऱ्या मुलांच्या आयांना तोंडावर सांगे आणि मुलांच्या हातात थोरांची चरित्रं ठेवी.

यंत्र मागवायला कारण होतं दोन हजार एकोणतीस सालचा पूर. तेव्हा कृष्णेचं पाणी तळमजल्यात तीन दिवस उभं राहिलं होतं. वरच्या फळ्यांवरची पुस्तकं दमट होऊन वाचली. खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांच्या, गाळ आणि पाणी पिऊन, अक्षरशः विटा झाल्या. पान पानाला असं चिकटलं की उघडायला जावं तर तुकडा हातात यावा. संस्थेची जुनी दप्तरंही तशीच गेली. पण निर्लेखनाचा ठराव झाल्याशिवाय संस्थेची वस्तू फेकता येत नाही, आणि चौदा वर्षांत त्या ठरावाला गणसंख्या जमली नव्हती. कारभाराच्या या आळशीपणाबद्दल शैला पुढे आयुष्यभर देवाचे आभार मानणार होती, पण त्या दिवशी तिला ते माहीत नव्हतं.

नाझनीननं सगळ्यांना समजावून सांगितलं. रेडिओच्या लहरी आणि डोळ्यांना दिसणारा उजेड यांच्यामध्ये लहरींची एक जात आहे, टेराहर्ट्झ नावाची. कागद त्यांना अडवत नाही. पण मिटलेल्या पुस्तकातही दोन पानांमध्ये केसाहून बारीक हवेचा थर असतो, आणि तिथून या लहरींचा थोडासा भाग मागे फिरतो. कोणता भाग किती वेळानं परतला हे मोजलं की कुठलं पान किती खोल आहे ते कळतं. शाईवरून परतणारी लहर निराळी, कोऱ्या कागदावरून परतणारी निराळी.

"कांदा न कापता आतल्या पाकळ्या मोजायच्या, तसं," नाझनीन म्हणाली. "इथं हवेच्या जागी गाळ बसलाय, म्हणून वेळ लागणार. एका पानाची अक्षरं सुटी करायला पाऊण तास धरा. डागांचा नकाशा मात्र झटपट निघतो. प्रत्येक पदार्थ या लहरींतला आपला ठरलेला भाग गिळतो, त्यावरून तेल कुठलं, शाई कुठली, हे तासाभरात सगळ्या पुस्तकाचं कळतं."

"आम्हाला डाग नकोत. अक्षरं हवीत," आरवाडे सर म्हणाले. यंत्र एकतीस मेपर्यंतच सांगलीत राहणार होतं आणि गावाच्या इतिहासाची दप्तरं होती चारशेच्या वर.

*

संध्याकाळी शैला घरी आली. सांभाळायला येणाऱ्या बाईंना निरोप दिला आणि ती आईच्या पलंगाशी बसली.

अनुसयाबाई शहात्तर वर्षांच्या. जन्म गेला मार्केट यार्डामागच्या कारखान्यात, हळद पॉलिश करायच्या ड्रमवर. शैला दोन वर्षांची असताना नवरा गेला, आणि ड्रमच्या जिवावर या बाईनं मुलीला पदवीधर केली. त्या ड्रमनं एकदा त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं पेर खाल्लं, तर चिंधी बांधून चौथ्या दिवशी परत कामावर हजर. अशा बाईला जानेवारीत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. शब्द फक्त बाहेर येत नाहीत. त्यांच्या आवडीचं काहीतरी रोज वाचून दाखवा. आवडीच्या गोष्टीनं कधीकधी वाट मोकळी होते. पहिलं वर्ष महत्त्वाचं."

आवडीचं म्हणजे काय? शैला इथंच अडली होती. चौथी शिकलेली, सहीपुरती अक्षरं येणारी बाई. तिला देवाधर्माचंच आवडणार. म्हणून ती रोज पोथी वाचे, अभंग वाचे. आई छताकडे बघत राही. हल्ली तर पोथी उघडली की मान भिंतीकडे वळवे. चार महिने झाले होते. आपण आईबरोबर पन्नास वर्षं राहिलो आणि तिला काय आवडतं हे आपल्याला सांगता येत नाही, याची शैलाला लाज वाटायला लागली होती.

*

दप्तरं यंत्रात घालण्याआधी एखादं बिनमहत्त्वाचं पुस्तक घालून चाचणी घ्यावी, असं ठरलं.

"विज्ञानकथांतलं घ्या," शैला म्हणाली. "गेलं तरी कुणी रडणार नाही."

तिनंच कोठीतून एक वीट आणली. कणा गेलेला, मुखपृष्ठ गाळानं करडं झालेलं. नोंदवहीवरून नाव कळलं: 'वाटेतला उजेड', कादंबरी, पानं दोनशे बारा. नाझनीननं ती दोन पाट्यांमध्ये अलगद ठेवली.

पाऊण तासानं पडद्यावर पहिल्या पानाची अक्षरं उमटली. पहिल्यांदा मुंग्यांसारखी हलली, मग जागच्या जागी बसली आणि वाचता आली. चौदा वर्षं मिटलेलं पान, कुणी हात न लावता, समोर उघडं पडलं होतं. आरवाडे सरांनी नकळत चपला काढल्या.

"आणि हा डागांचा नकाशा," नाझनीन म्हणाली. "पाणी, गाळ, बुरशी... हे काय आहे?"

पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका होता. पुढच्या पानावर तिथंच तसाच. त्याच्या पुढच्याही. नाझनीननं पानं भराभर सरकवली आणि ठिपके एकामागून एक उजळत गेले. तिनं पदार्थाची ओळख मागितली. पडद्यावर उत्तर आलं.

"हळद!" ती हसली. "सांगलीत आणि दुसरं काय निघणार म्हणा! कुणीतरी बोट जिभेला लावून पानं उलटलीत, आणि बोटाला हळद होती. कारखान्यातलं माणूस असणार. स्वयंपाकाच्या हाताला एवढी नसते. हळद पाण्यात विरघळत नाही ना, म्हणून पुरातही टिकली."

"कोण हा बेशिस्त वाचक?" सर पुटपुटले.

शैलालाही आधी रागच आला. हात धुऊन पुस्तकाला हात लावावा, ही पाटी तिनं स्वतः लिहिलेली. ती ठिपका बघायला पडद्याशी वाकली. ठिपका एकटा नव्हता. एक पुरा गोल होता, मधल्या बोटाचा. आणि त्याला चिकटून दुसरा, वरून कापल्यासारखा. पेर नसलेल्या बोटाचा.

शैलानं पडद्यावरच्या त्या जोडीवर बोट टेकवलं.

"पुढं ने," ती म्हणाली. "शेवटपर्यंत ने."

ठिपके एकशे त्रेचाळीस पानापर्यंत होते. एकशे चव्वेचाळीसपासून काहीच नव्हतं.

*

शैलाची नोकरी नवीन होती, तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात वाचनालय दुपारी एक ते चार बंद असायचं. त्या वेळात आई कारखान्यातून डबा घेऊन यायची. जेवण झालं की शैला पुढच्या टेबलावर डोकं टेकायची आणि आई मागच्या शहाबादी फरशीवर जाऊन आडवी व्हायची. तिथं गार असतं म्हणायची. शेवटची रांग, जिथं कुणी फिरकत नसे. विज्ञानकथांची रांग.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात पुस्तकांवर पिवळे डाग पडतात म्हणून आरवाडे सरांनी शैलाला मेमो दिला होता. मग दुसरा. शैलानं दार उघडल्यावर आलेल्या चार वाचकांदेखत आईला झापलं होतं. "आई, पुस्तकांना हात लावत जाऊ नकोस गं! तुझे हात बघ कसे आहेत. आणि तुला कुठं वाचायचंय?"

आईनं हात पदराखाली घेतले होते. "बरं बाई, न्हाई लावत," एवढंच म्हणाली होती.

आणि मग सोळा उन्हाळे ती लेकीच्या पाठीमागे, दहा पावलांवर, चोरून वाचत राहिली. हात घासून घासून धूत असणार. पण तीस वर्षांची हळद रेषारेषांत मुरलेली; ती बोट ओलं केलं की सुटायचीच.

शैलानं पुढच्या दोन दिवसांत कोठीतल्या विज्ञानकथांच्या सगळ्या विटा यंत्रात घालून पाहिल्या. एकूण अकरा. अकराही पुस्तकांत कोपऱ्याकोपऱ्याला ती जोडी होती, पुरं बोट आणि अपुरं बोट. एका पुस्तकात तर ठिपक्यांवर ठिपके चढलेले.

"हे तीनदा वाचलंय," नाझनीन हळू आवाजात म्हणाली. ते बोट कुणाचं, हे तिला आता कळलं होतं. "आणि मॅडम, नोंदवहीत विज्ञानकथा एकवीस आहेत. उरलेली दहा वरच्या फळीवर धड आहेत. ती साधी उघडूनच बघू की."

दहाही पुस्तकं उघडली. कोपरे स्वच्छ. यंत्रात घातली, तरी स्वच्छ.

"असं कसं?" नाझनीन म्हणाली. "पुरानंतर ही कशी वाळवली होती?"

आणि शैलाला आठवलं. पुरानंतर सरकारी परिपत्रक आलं होतं, पुस्तकं सावलीत वाळवा म्हणून. शैलानं ते बाजूला टाकलं होतं. ओलं झालेलं काहीही उन्हात टाकायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. परिपत्रकवाल्यांना सांगलीचं ऊन काय ठाऊक? ऑक्टोबरच्या कडक उन्हात, गच्चीवर चादरी अंथरून, कुरडया घालाव्यात तशी तीन हजार पुस्तकं तिनं पान न् पान फिरवून आठ दिवस वाळवली होती. त्याबद्दल संस्थेनं तिला शाल आणि नारळ दिला होता.

हळदीचा डाग धुऊन जात नाही, उन्हात जातो. हे तर कुणीही बाई सांगेल. पुरानं जे नेलं नव्हतं, ते शैलानं स्वतःच्या हातांनी, शाबासकी घेऊन पुसलं होतं.

तिला आणखी एक आठवलं. पूर ओसरल्यावर आई एकदा वाचनालयात आली होती. विटांच्या ढिगाशी उभी राहून म्हणाली होती, "ह्ये परत वाचता यायचं न्हाई काय गं कवा?" लेकीच्या नोकरीची काळजी असेल, असं शैलाला वाटलं होतं. "तुला काय करायचंय?" असं तिनं कामाच्या घाईत उत्तर दिलं होतं.

*

त्या संध्याकाळी शैलानं पोथी कपाटात ठेवली आणि पुरातून वाचलेल्या दहांतलं एक पुस्तक पिशवीतून काढलं. आईला काही बोलली नाही. जे आईनं इतकी वर्षं झाकून ठेवलं, ते यंत्रानं उघडं केलं म्हणून आपण तोंडावर बोलावं का, हे तिचं तिलाच ठरत नव्हतं. तिनं नुसतं वाचायला सुरुवात केली.

गुरूच्या एका चंद्रावर बर्फाची जाड साय आहे. तिच्याखाली समुद्र, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांहून मोठा. सूर्य तिथं कधी पोचलेला नाही. आणि त्या काळोख्या पाण्यात एक बाई एकटी पाणबुडी घेऊन उतरते.

दुसऱ्या परिच्छेदाला आईची मान भिंतीकडून वळली. पान संपेपर्यंत तिचे डोळे शैलाच्या ओठांवर खिळले होते. चार महिन्यांत शैलानं त्या डोळ्यांत असं काही पाहिलं नव्हतं. थांबायची सोय नव्हती, कारण आईचा डावा हात पलंगाच्या कडेवर अधीर होऊन टकटक करत होता. पुढं, पुढं.

मौज अशी की पाचव्या पानानंतर शैला आईसाठी वाचत नव्हती. बर्फाला पहिली चीर गेली तेव्हा तिनंच श्वास रोखला. पाणबुडीच्या दिव्यासमोरून काहीतरी हललं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं, आणि दुधाच्या बाबतीत शैला किती काटेकोर, ते शेजारणींना विचारावं. साडेआठला तिनं आईची चाकाची खुर्ची गॅलरीत नेली. पूर्वेला इमारतींच्या वर एक ठळक चांदणी आली होती. फोन धरून बघितलं तर तो गुरू. त्रेपन्न वर्षं ती चांदणी तिथं येत-जात होती. तिच्याभोवती चंद्र फिरत होते, त्यांतल्या एकावर, शास्त्रज्ञ म्हणतात त्याप्रमाणे, खरोखरच बर्फाखाली समुद्र होता, आणि शैलानं कधी मान वर करून विचारलं नव्हतं की ते काय आहे. हळदीच्या धुरळ्यात दिवसभर उभी राहणारी तिची आई मात्र सोळा उन्हाळे तिथं जाऊन येत होती. जाऊन यायची, पुन्हा ड्रमवर उभी राहायची, आणि घरी आल्यावर विचारायची, "जेवलीस काय गं?"

आपल्या आईएवढी मोठी जागा आपण कधी पाहिलेली नाही, असं शैलाला वाटलं आणि तिनं तिथंच, गॅलरीत, आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

त्या मे महिन्यात मायलेकींनी दहाही पुस्तकं संपवली. शैला वाचनालयात मिळेल त्या वाचकाला धरून विज्ञानकथा देऊ लागली. ज्या आयांच्या मुलांना तिनं चरित्रं दिली होती, त्यांना थांबवून म्हणाली, "ते राहू द्या हो, हे न्या. आणि मुलाच्या आधी तुम्ही वाचा."

अडलं होतं ते एकाच ठिकाणी. 'वाटेतला उजेड'ची सुरुवातीची पानं चाचणीत निघाली होती, ती शैलानं घरी वाचली तेव्हा आईनं डोळे गच्च मिटून घेतले आणि मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. आईचा वाचनालयातला तो शेवटचा उन्हाळा, पुराच्या वर्षीचा. जूनमध्ये वाचनालय दुपारचं उघडं राहू लागलं तेव्हा ती एकशे त्रेचाळीस पानावर होती. पुढचं पुढच्या मेमध्ये वाचू म्हणाली असेल. ऑगस्टमध्ये पूर आला. आणि पुढं काय झालं, हे चौदा वर्षं ती कुणाला विचारू शकली नाही, कारण तिला वाचता येतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

*

"सात दिवस?" आरवाडे सर म्हणाले. "शैलाताई, यंत्र जायला अकरा दिवस राहिलेत. गावाचा इतिहास बाजूला ठेवून एका कादंबरीला रात्रंदिवस सात दिवस? कुणासाठी?"

"एका वाचकासाठी, सर."

"कोण वाचक? सभासद क्रमांक काय?"

शैलानं वर बघितलं. सरांच्या डोक्यामागे, काचेच्या चौकटीत, संस्थापकांनी घालून दिलेले नियम टांगलेले होते. सर त्यांच्याबाहेर एक पाऊल टाकत नसत, अशी त्यांची ख्याती. शैलानं एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते नियम नीट वाचले. नववा नियम असा होता: सभासदाने मागितलेले पुस्तक संस्थेत असल्यास, अन्य सर्व कामे बाजूस ठेवून ते त्यास देण्यात यावे.

तिनं कपाटातून सभासदत्वाचा कोरा अर्ज काढला आणि घरी आली.

आता बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. अर्जावर सही लागते, आणि सही आईचीच.

"आई," ती पलंगाशी बसून म्हणाली, "मला कळलंय. तू मागच्या रांगेत बसून काय करायचीस ते. तुझं बोट प्रत्येक पानावर आहे." तिनं अर्ज मांडीवर ठेवला. "मी तुला तेव्हा सगळ्यांसमोर बोलले. चुकले मी, आई. फार चुकले."

आई तिच्याकडे टक लावून बघत राहिली. चेहऱ्यावरून काही कळेना. अर्धा चेहरा हलतच नव्हता. शैलानं अर्ज भरायला घेतला. नाव. वय. शिक्षण चौथी. 'आवडीचा वाचनप्रकार' या रकान्यात तिनं ठळक अक्षरांत लिहिलं, विज्ञानकथा. आणि कागद आईसमोर धरला.

आईनं तो रकाना बराच वेळ वाचला. मग डाव्या हातानं पेन मागितलं. अ काढायला एक मिनिट लागलं, नु वाकडा झाला, या ओळ सोडून खाली उतरला. पण ती सही होती. पेन खाली ठेवून आईनं तोच हात शैलाच्या गालावर ठेवला, लहानपणी ताप बघायला ठेवायची तसा.

दुसऱ्या दिवशी सरांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "अनुसया तोडकर. म्हणजे डबा घेऊन यायच्या त्या? तुमच्या आई? त्यांना वाचता येतं?"

"मलाही याच महिन्यात कळलं, सर."

"मग ते पिवळे डाग..."

"हो सर. तुम्ही मला दोन मेमो दिले होते."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी अर्जावर शिक्का मारला, 'मंजूर' लिहिलं, आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ घातली: पुस्तक तातडीने देण्यात यावे, झालेल्या विलंबाबद्दल संस्था दिलगीर आहे.

*

एकतीस मेच्या संध्याकाळी नाझनीन स्कूटरवरून स्वतः पानं घेऊन आली. यंत्र खोक्यात बंद झालं होतं आणि तिला पुण्याची गाडी गाठायची होती. "दोनशे बाराच्या दोनशे बारा," ती दारातूनच म्हणाली. "मी एकशे त्रेचाळीसवर थांबले हं, मॅडम. म्हटलं, आधी आजींनी वाचायचं." आत येऊन तिनं आईच्या पायांना हात लावला आणि डोळे पुसत जिना उतरली.

शैला तेव्हा लोणच्याच्या फोडींना हळद-मीठ चोळत होती. हात मनगटापर्यंत पिवळे. पण आता कुठला धीर? पदराला पुसल्यासारखे केले आणि ती तशीच पानं घेऊन पलंगाशी बसली.

सुरुवातीचं सगळं आईनं वाचलेलंच होतं, तरी शैला तिथूनच निघाली, कारण शैलानं कुठं वाचलं होतं? दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि दोन्ही दिवस शैलानं स्वयंपाकघरातनं येऊन हात नुसते पुसले. शनीच्या एका चंद्रावर एक दीपगृह आहे. तिथं एक बाई एकटी राहते आणि दूरच्या ताऱ्याकडे गेलेल्या जहाजाला उजेडाची खूण पाठवते. खूण पोचायला चार वर्षं, उत्तर यायला चार वर्षं. ती तरुण असताना जहाज निघालं, आता तिचे केस पिकले. आणि एकशे त्रेचाळिसाव्या पानावर, शेवटच्या ओळीत, जहाजाचा दिवा दिसेनासा होतो.

तिसऱ्या संध्याकाळी शैलानं ती ओळ वाचली आणि थांबली. पुढचं पान वर होतं. एकशे चव्वेचाळीस. तिनं ते उचलायला हात पुढे केला.

"हा..." असा आवाज आला.

शैलानं दचकून वर बघितलं. आईचे ओठ थरथरत होते. कपाळाला घाम आला होता. डावा हात उचलून ती शैलाच्या पिवळ्या बोटांकडे दाखवत होती.

"हात," आई म्हणाली. पाच महिन्यांनी आलेला पहिला शब्द. आणि मग, विहिरीतनं कळशी ओढावी तसा दुसरा, "धू."

शैलाला क्षणभर काही उमजलं नाही. मग तिला आईच्या चेहऱ्याची जी अर्धी बाजू हलू शकत होती, ती दिसली. ती हसत होती. तीस वर्षं जपून ठेवलेलं उट्टं फेडून ती म्हातारी मिश्कील, लबाड हसत होती.

शैला हसायला लागली, आणि हसता हसता हमसून रडली. "धुते गं बाई, धुते," म्हणत ती उठायला गेली. तर आईनं डाव्या हातानं तिचा पदर घट्ट धरला आणि हनुवटीनं पानाकडे खूण केली.

शैला खाली बसली.

"दिवा विझला नव्हता," तिनं वाचलं. "त्याचा उजेड अजून वाटेत होता."

आई ऐकत होती. पान संपलं. शैलानं पिवळं बोट जिभेला लावलं आणि कोपरा उलटला.